माइकवाल्याचा सहभाग

९ जानेवारी
मध्यवर्ती तुरुंग, कोठडी क्रमांक सहा

अगं,

सहा वर्षांत माझी एक ओळ नाही आणि आता एकदम तुरुंगाचा शिक्का मारलेलं पाकीट, म्हणून घाबरून जाऊ नकोस. मी मजेत आहे. इथे मला सगळे ओळखतात.

पेपरात वाचलं असशीलच. नसेल आलं तर येईल. मला दहशतवादाच्या गुन्ह्यात धरलंय. भुरट्या चोरीबिरीत नाही, दहशतवादी संघटनेत सहभाग! धरायला चौदा पोलीस आले होते. गल्ली दोन्ही बाजूंनी बंद. साहेबांनी मला स्वतः दार उघडून गाडीत बसवलं.

झालं असं की कर भरायचाच नाही असं म्हणणारी एक मंडळी आपल्या गावातल्या हॉलमध्ये सभा घ्यायची. तीन सभा झाल्या, तिन्हींना माइक माझा. त्यांच्या पुढाऱ्याला माइकसमोर उभंही राहता येत नव्हतं, तोंडात घातल्यासारखा धरायचा. मीच शिकवलं, चार बोटं लांब ठेवा म्हणून. पुढे एका रविवारी कर कचेरीची मागची भिंत स्फोटात उडाली. आत कोणी नव्हतं, चार कपाटं जळाली. त्या मंडळीतल्या पाच जणांना धरलं आणि सहावा मी. दुकानात अर्धा मैल वायर आणि बारा बॅटऱ्या सापडल्या म्हणे. माइकवाल्याच्या दुकानात काय सापडायला हवं होतं, भाजी?

मला काही नको आहे. जुनी लोकरी टोपी तुझ्याकडच्या ट्रंकेत असेल तर पाठव. उत्तराची अपेक्षा नाही. पाठवलंसच तर पाकिटावर कैदी क्रमांक ठळक लिही, २१७. इथला कारकून पत्रं वाचूनच आत देतो आणि क्रमांक नसेल तर देतच नाही.

तुझाच

२ फेब्रुवारी

अगं,

टोपी मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती. कारकुनाने टोपी उलटी करून दोनदा झटकली, तरी नव्हती.

मला सरकारी खर्चाने वकील दिलाय, म्हणजे वकीलबाई. आपल्या पोरीएवढीच असेल. भेटीच्या खोलीत समोर बसली आणि म्हणाली, "काका, सभेला हजर असणं म्हणजे सहभाग नव्हे. माइक देणंही नव्हे. तसं असतं तर खुर्च्यावाला आणि हॉलवालाही आत असते. सरकारला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, या लोकांचा बेत तुम्हाला ठाऊक होता. दोन, तो तडीस जावा म्हणूनच तुम्ही मदत केली."

"मग मी सुटलोच की."

"सुटला असतात. पण तुम्ही बोललात."

तिने कागद काढून वाचायला सुरुवात केली. सलूनवाल्याची साक्ष. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी दाढी करून घेताना आरोपी म्हणाला, "या गावात मोठा आवाज झाला की त्याच्यामागे मीच असतो." अगं, ही आपल्या दुकानाची जाहिरात! वीस वर्षं टेंपोवर रंगवलेली आहे. शेवटचा हात तूच मारला होतास. तोंडाला फेस असताना माणूस दुसरं काय बोलणार? आणि तेव्हा सगळं सलून हसलं होतं. सलूनवाल्याने ते हसणं साक्षीत घातलेलंच नाही.

पुढे आणखी आहे. आरोपी चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "पुढारी माझ्याशिवाय तोंड उघडत नाहीत." हे तर अक्षरशः खरं आहे. माइक चालू केल्याशिवाय कसे उघडतील? आणि शेवटचं, "तिसऱ्या सभेला मी आत होतो. पुढाऱ्याच्या उजव्या हाताला."

वकीलबाईने चष्मा काढला. "स्फोटाचं ठरलं ते तिसऱ्या सभेत. दारं लावून. तुम्ही आत असाल तर तुम्हाला बेत ठाऊक होता. खरंच आत होतात?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

"काका, यात जन्मठेप आहे."

विचार करून सांगतो म्हणालो. तिला काय हवंय माहीत आहे का? मी कोर्टात उभं राहून म्हणावं की मी कोणी नाही, मला कोणी विचारत नाही, मला काही कळत नाही. अशा वाक्यांचं एक अख्खं पान टाइप करून आणलंय तिने. मी सही केली नाही. तिशी न ओलांडलेली मुलगी माझ्या तोंडावर म्हणते, "तुमचं नशीब थोर असेल तर तुम्ही क्षुल्लक ठराल."

तुझाच

२४ फेब्रुवारी

अगं,

तुझं कार्ड आलं. "पोलीस किती होते ते एकदा नीट मोजा." बस, एवढंच. कारकूनही म्हणाला, बाई मोजकं लिहितात.

मोजले. तीन होते. त्यातला एक गाडीतच बसून होता, गल्लीत गाडी वळवायला जागा नाही म्हणून. दार मीच उघडलं आणि माझं मीच बसलो.

आता मोजायला घेतलंच आहे तर दुसरंही लिहितो. हे मी वकीलबाईलाही अजून सांगितलेलं नाही. तिसऱ्या सभेला मी आत नव्हतो. माइक जोडून झाला, आवाज तपासला, आणि पुढारी म्हणाला, "आज माइक नको. तुम्ही बाहेर बसा." मी म्हणालो, बसतो कोपऱ्यात. तर त्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि आतून कडी घातली. मी पायरीवर बसलो, संध्याकाळी सहा ते आठ. ज्यांना मी माइक धरायला शिकवलं त्यांनी मला सायकलींच्या राखणीला बसवलं. हे सलूनमध्ये सांगायचं? तूच सांग, कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिथून मी तुला फोन केला होता, आठवतंय ना? तुझ्या मोबाइलवर तू घेत नाहीस म्हणून बसस्थानकाच्या घोषणेच्या खोलीतला नंबर लावला. एकेचाळीस मिनिटं. तू रिसीव्हर टेबलावर ठेवलास आणि मध्येमध्ये गाड्या पुकारत राहिलीस. अर्धा वेळ मी कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली तेच ऐकत होतो. मी काय म्हणालो होतो तेही आठवतंय. फार महत्त्वाच्या बैठकीत आहे, आत आहे, हळू बोलतोय.

तर त्या फोनची नोंद पोलिसांना सापडली आहे. ऐन बैठकीच्या वेळी परगावच्या बसस्थानकाला एकेचाळीस मिनिटं! त्यांना वाटतं की पुढचा स्फोट तिथे होणार होता. पलीकडे कोण बोलत होतं ते मला तीन दिवस विचारत होते. मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलो आणि तेच संशयास्पद ठरलं. पण ते शोधून काढतीलच. दाराशी कोणी आलं तर खरं काय ते सांगून टाक. पोरीला मध्ये येऊ देऊ नकोस.

तुझाच

११ मार्च

अगं,

वकीलबाईने सांगितलं, पोलीस तुझ्याकडे येऊन गेले, आणि घोषणेच्या खोलीतल्या बाकाखाली, पंख्यामागे, सगळीकडे शोधलं. दोन तास गाड्या न पुकारता सुटल्या आणि एक लग्नाचं वऱ्हाड भलत्याच गावाला गेलं. ते मी तुझ्या चार ओळींच्या पत्रातूनही वाचलं. शेवटची ओळ तीनदा वाचली. "आमच्या पोरीच्या वेळेला खरं एक वाक्य लिहायचं होतं, ते नाही लिहिलंत. आता माझ्याकडून कशाला हवंय?"

कारकुनाने हे पत्र देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी त्या गोष्टीवर तुझ्याशी कधी बोललोच नाही. आता बोलतो. पोर स्वतःच्या अकलेवर परीक्षा पास झाली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली. गावात सगळे विचारत होते, कशी लागली हो? ती हुशार आहे एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण त्यात माझा काय भाग? म्हणून मी म्हणालो, "एक फोन फिरवला, काम झालं." कोणीतरी तक्रारीचा अर्ज केला. तिला सात महिने घरी बसवलं. चौकशीच्या साहेबाने मला कोरा कागद दिला. मी खोटं बोललो, एवढं लिहा म्हणाला. मी चार पानं लिहिली. त्यात एक वाक्य असं होतं की माझ्या ओळखी वरपर्यंत आहेत, पण या खेपेला त्या वापरायची वेळ आली नाही. ती पुन्हा कामावर गेली, पण लांब बदली झाली आणि सेवापुस्तकात "वशिल्याचा संशय" हा शेरा राहिला. तू तिच्यासोबत गेलीस. मी लोकांना सांगितलं की माझ्या सांगण्यावरूनच गेलात.

आज वकीलबाईच्या कागदावर सही केली. पान वाचलंसुद्धा नाही.

तिचं म्हणणं असं आहे की मी आत नव्हतो हे पटवून देऊ शकेल असं एकच माणूस आहे, तू. त्या पाच जणांवर आणि माझ्यावर तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पंधरा एप्रिलला तारीख आहे. ये असं मी म्हणत नाही. म्हणतो. ये.

१९ एप्रिल

अगं,

साक्ष झाल्याबरोबर तू चारच्या गाडीने निघून गेलीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पोलीस मला जिन्यावरून नेत होते तेव्हा तुझी पिशवी तेवढी दिसली.

तू काय बोललीस ते तुला ठाऊक आहे, तरी लिहून काढतो. तिखटमीठ न लावता मला लिहिता येतं का ते बघायचंय.

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. "आरोपीने फोनवर तुम्हाला काय सांगितलं?"

"मी आत आहे, फार महत्त्वाच्या बैठकीत आहे."

ते न्यायाधीशांकडे बघून हसले. "म्हणजे आरोपी आत होता."

"नाही. आत आहे म्हणाले तिथेच मला संशय आला."

मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं. वकीलबाईने डोकं कागदात घातलं.

"संशयावर कोर्ट चालत नाही, बाई."

"संशय तिथून आला. खात्री आवाजावरून पटली. मोठ्या हॉलमध्ये आवाजाला शेपूट असते, घुमून मागे येतो. ह्यांच्या आवाजाला शेपूट नव्हती. मी बावीस वर्षं ह्यांच्या वायरी गुंडाळल्यात आणि सहा वर्षं गाड्या पुकारतेय. शिवाय मध्येच एक माणूस म्हणाला, 'काका, पाय घ्या जरा, सायकल काढायचीय.' हॉलमध्ये सायकल कुठून येईल?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "फोनवरून तुम्हाला जागा ओळखता येते?"

"बहुतेक येते."

मग ते जे झालं ते कोर्टाच्या इतिहासात... नाही. जे झालं ते असं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती ऐकून घेतली आणि शिपायाला फोन देऊन बाहेर पाठवलं. तू दुसरा फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. पहिल्यांदा म्हणालीस, जिना. बरोबर. दुसऱ्यांदा म्हणालीस, बाहेरचं आवार, झाडाजवळ, पत्र्याची शेड आहे. बरोबर. तिसऱ्यांदा जरा थांबलीस. "खोली आहे. लहान आहे. खाली आणि भिंतीला फरशी आहे, आणि नळ गळतोय." शिपाई परत आला तो कानापर्यंत लाल. न्यायाधीश म्हणाले, "नळाची तक्रार मी स्वतः दोनदा केली आहे," आणि पुढचं लिहून घ्या म्हणाले.

सरकारी वकील हट्टाला पेटले. "थोडक्यात, तुमचा नवरा खोटारडा आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

मी पिंजऱ्याचा गज घट्ट धरला होता.

"खोटारडा माणूस फायद्यासाठी खोटं बोलतो," तू म्हणालीस. "ह्यांचा कधी फायदा झालेला मी पाहिला नाही. जिथे काही मोठं घडतं तिथे आपण असावं एवढंच ह्यांना वाटतं. प्रत्यक्षात कोणी आत घेत नाही. मग बाहेर येऊन सांगतात की आत होतो." आणि मग पोरीचं सगळं सांगितलंस, शेऱ्यासकट.

माझी पाळी आली. न्यायाधीशांनी विचारलं, "तिसऱ्या सभेच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"पायरीवर."

"ऐकू येत नाही. मोठ्याने सांगा."

अगं, मोठ्याने बोला असं मला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. आणि तोंडातून आवाज फुटेना. शेवटी सांगितलं, "पायरीवर होतो साहेब. त्यांनी मला बाहेर काढलं होतं. आत काय ठरलं मला माहीत नाही. मी आत होतो असं सांगितलं ते खोटं." मुलीच्या नोकरीचंही खोटं, तेही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं. सरकारी वकील म्हणाले, याचा खटल्याशी संबंध नाही. न्यायाधीश म्हणाले, "असू द्या. लिहून घ्या."

बाकीच्या पाच जणांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्यासोबत पिंजऱ्यात आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. पुढारी शेजाऱ्याला विचारत होता, "हा नक्की कोण?"

रात्री जेवण गेलं नाही. पण झोप लागली.

तुझाच

३० मे
दुकान

अगं,

सुटलो. पाच जणांना शिक्षा झाली, मी निर्दोष. निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल घेतली. बहात्तर पानं आहेत. माझं चौपन्नाव्या पानावर आहे, तेही एका परिच्छेदात. वकीलबाई म्हणाली, "वाचू नका काका, सुटलात ना, झालं." मी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये बसून वाचलं.

"सहावा आरोपी सभास्थळी हजर होता एवढंच सिद्ध होते. बेताची माहिती अथवा तो तडीस नेण्याचा हेतू सिद्ध होत नाही. सदर इसमास अतिशयोक्तीची जुनी सवय असून, त्याच्या कोणत्याही वरिष्ठ ओळखी असल्याचा अथवा कोणत्याही महत्त्वाच्या घटनेवर त्याचा प्रभाव असल्याचा पुरावा या न्यायालयासमोर आलेला नाही. त्याच्या मुलीच्या नेमणुकीबाबतचे त्याचे वक्तव्यही खोटे असल्याचे त्याने शपथेवर मान्य केले आहे."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कान तापले. भर कोर्टात शिक्का मारून दिलंय की हा माणूस कोणी नाही. वकीलबाईला विचारलं, हा परिच्छेद गाळून नक्कल मिळते का? ती म्हणाली, "काका, हाच परिच्छेद तुम्हाला बाहेर घेऊन आलाय."

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटच्या वाक्यावर थांबलो. पोरीच्या साहेबाला सहा वर्षांपूर्वी माझ्याकडून जे एक वाक्य हवं होतं, ते हेच आहे की. तेही माझ्या अक्षरात नाही, न्यायाधीशांच्या भाषेत. माझ्या शब्दाला किंमत नाही, पण याला आहे.

पोस्टाने पाठवत नाही. कुठेतरी कपाटात पडून राहील. स्वतः घेऊन जातो. तिला आधी कळवू नकोस, ती नको म्हणेल. कळवायचं असेल तर कळव.

तुझाच

१३ जून, शुक्रवार
तुमचं गाव, बसस्थानकाजवळचं उपाहारगृह

अगं,

हे पत्र पोरीच्या हातून येईल, ती कामावरून सुटली की फाटकाशी तिला देतो. सकाळी साडेदहाला प्रयोगशाळेत गेलो. खिडकीवरच्या बाईने विचारलं, काय काम? म्हटलं, सेवापुस्तकातल्या शेऱ्याबाबत कागद द्यायचाय. ती म्हणाली, टपालात टाका. मी म्हणालो, साहेबांच्या हातात द्यायचाय. मग माझा आवाज वाढला असावा, कारण आतली दोन दारं उघडली. एका दारात साहेब होते. दुसऱ्या दारात पांढरा कोट घालून ती. केस बारीक कापलेत. तू कधी लिहिलं नाहीस.

साहेब म्हणाले, "काय कागद आहे?" तिच्याकडे पाहिलं असतं तर वाचता आलं नसतं, म्हणून कागदाकडे पाहून चौपन्नावं पान वाचून दाखवलं. सगळं. अतिशयोक्तीची जुनी सवय, वरिष्ठ ओळखी नाहीत, प्रभाव नाही, सगळं. खिडकीवरची बाई, साहेब आणि नमुन्याच्या बाटल्या घेऊन आलेले दोघे ऐकत होते. साहेबांनी नक्कल घेतली, शिक्का बोटाने चाचपून पाहिला, आवक क्रमांक घातला आणि पोच दिली. म्हणाले, वर पाठवतो, शेरा निघायला हरकत दिसत नाही.

मी निघालो. दाराबाहेर आलो तर ती मागून आली. हातात पाण्याचा ग्लास होता.

"घ्या. घसा बसलाय तुमचा."

मी प्यायलो. ती ग्लास परत घ्यायला उभी राहिली.

"बाबा, इथे हळू बोलतात," ती म्हणाली. आणि मग, "शेवटचं वाक्य पुन्हा वाचा."

"नक्कल साहेबांकडे आहे."

"पाठ नाही?"

पाठ होतं. म्हणून दाखवलं, हळू. तिने मान हलवली, पेपर तपासताना हलवावी तशी, आणि ग्लास घेऊन आत गेली. दोन पावलं गेल्यावर वळली.

"आईला रविवारी सुट्टी असते. आज शुक्रवार आहे. थांबायचं असेल तर लॉज बघा, आमच्याकडे जागा नाही. जेवायला बारा वाजता. आधी येऊ नका."

लॉज बघितलाय. खोली बरी आहे, खिडकी फलाटाकडे आहे, त्यामुळे तुझा आवाज दिवसभर ऐकू येतो. चांगलं पुकारतेस. गावाचं नाव दोनदा घेतेस ते तर फारच चांगलं.

रविवारी मी आलेलं तुला चालणार नसेल तर पोरीजवळ निरोप दे. शनिवारी सव्वादोनची गाडी आहे, तूच पुकारशील. निरोप नाही आला तर बाराला येतो.

तुझाच